काम सुटतं, डोकं का सुटत नाही?

संध्याकाळी सात वाजता कार्यालयाला कुलूप लावून आपण घरी येतो. ताट समोर येतं. मुलगी शाळेतली गंमत सांगत असते. आपलं डोकं मात्र दुपारी भेटून गेलेल्या विद्यार्थ्याकडे असतं. जात पडताळणीचं प्रमाणपत्र वेळेत आलं नाही, तर त्याचा प्रवेश जाणार. "ऐकताय ना?" मुलगी दुसऱ्यांदा विचारते. वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या आम्हा कार्यकर्त्यांच्या घरांत हे रोजचंच झालं आहे.

याला आपण निष्ठा म्हणतो. 'चळवळीला सुट्टी नसते' हे ऐकतच आम्ही मोठे झालो. पण कामाला मर्यादा हवी, हा आग्रहही आपल्याच परंपरेचा आहे. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापन केली. त्यांच्या लढ्यातून १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना १९४६ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. त्या कामगाराचं यंत्र भोंगा वाजला की गिरणीत राहायचं. आपलं यंत्र खिशातून घरी येतं.

मन कशाला धरून बसतं?

मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये एक निरीक्षण मांडलं: पूर्ण झालेल्या कामापेक्षा अर्धवट राहिलेलं काम मनात जास्त रेंगाळतं. आपलं तर बहुतेक काम अर्धवटच असतं. कोर्टाची तारीख पुढची, अर्ज प्रलंबित, पीडित कुटुंब अजून भीतीत. सगळं संपल्यावरच मन मोकळं करायचं ठरवलं, तर तो दिवस उगवणारच नाही.

पण मन मोकळं व्हायला काम पूर्ण व्हावंच लागतं असं नाही. मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की, राहिलेलं काम कधी आणि कसं करायचं हे नेमकं ठरलं, तरी त्याचा मनातला त्रास कमी होतो. २०१८ मध्ये अमेरिकेत ५७ तरुणांवर एक प्रयोग झाला. झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोप लागली. यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर.

आम्ही काय करतो

कार्यालय बंद करण्याआधी दहा मिनिटं आम्ही वही उघडतो. 'पडताळणीचं बघणे' असं लिहून उपयोग होत नाही. 'उद्या ११ वाजता समितीच्या कार्यालयात फोन, पावती निळ्या फाईलमध्ये' असं लिहितो. मग वही कपाटात ठेवतो, घरी नेत नाही.

दुसरी गोष्ट फोनची. अत्याचाराची घटना रात्रीही घडते, त्यामुळे सगळ्यांनी फोन बंद ठेवणं आम्हाला परवडणारं नाही. म्हणून आठवड्याची पाळी लावली. रात्रीचा फोन एकाकडे, बाकीच्यांचे ग्रुप सकाळपर्यंत म्यूट. पूर्वी एका फोनने सहा जण जागे व्हायचे आणि पोलीस ठाण्यात जायचे दोघेच.

तिसरी गोष्ट ऐकलेल्या दुःखाची. ते यादीत मावत नाही. बलात्कार पीडितेचा जबाब ऐकून आलेल्या सहकाऱ्याला आम्ही थेट घरी पाठवत नाही. चहा घेत अर्धा तास बोलतो. कुटुंबाची नावं, तपशील बाहेर जात नाहीत, पण मनावरचं ओझं एकट्याने घरी न्यावं लागत नाही.

झाबिने झोन्नेनटाग या मानसशास्त्रज्ञ कामापासून मनाने अलिप्त होण्यावर अनेक वर्षं संशोधन करत आहेत. त्यांनी एक विरोधाभास दाखवला आहे: कामाचा ताण जास्त असतो तेव्हाच विश्रांतीची गरज सर्वाधिक असते, आणि नेमकी तेव्हाच ती घेणं सगळ्यात अवघड जातं. म्हणून ही सवय निवांत दिवसांतच लावून घ्यावी लागते.

वहीने न सुटणारे प्रश्न

कंत्राट उद्या राहील की नाही या चिंतेने जागणाऱ्या सफाई कामगाराला वहीचा सल्ला देणं ही थट्टा ठरेल. रात्री अकराला मेसेज टाकून लगेच उत्तर मागणाऱ्या वरिष्ठांपुढेही वही चालत नाही. तिथे नियमच हवेत. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्कातून मोकळं राहण्याच्या हक्काला कायद्याचा आधार आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं. हा विषय आपल्या कर्मचारी संघटनांनीही उचलायला हवा.

आणि आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, जगण्यातलं मन उडालं असेल, तर तो निव्वळ थकवा समजू नये. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो.

गेल्या काही वर्षांत आमचे तीन चांगले कार्यकर्ते काम सोडून गेले. त्यांचा विचार बदलला नव्हता, ते थकले होते. आम्ही मात्र त्यांना शेवटपर्यंत 'चळवळीला सुट्टी नसते' हेच ऐकवत राहिलो. तो विद्यार्थी उद्या सकाळी पुन्हा येणार आहे. त्याला तेव्हा झोप झालेला माणूस भेटायला हवा.