पोकळी दिसली, वाट दिसली का? खडकाच्या पार्यतेचं अनुमान

आज आपण अनुमानाचं एक अवघड उदाहरण घेऊ. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, समुद्रात, १९७४ साली मुंबई हायचं तेल सापडलं. हे तेल काही तळ्यासारखं साचलेलं नाही. ते मुख्यतः चुनखडीच्या छिद्रांत आहे.

इथे दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत. खडकात पोकळी किती, ही सच्छिद्रता. तिच्यातून द्रव किती सहज वाहतो, ही पार्यता. थर्माकोलमध्ये पोकळी भरपूर असते, पण पाणी आरपार जात नाही. कारण आतले कप्पे एकमेकांना जोडलेले नसतात.

पार्यतेच्या मोजमापाचा पाया हेन्री दार्सी यांनी १८५६ साली घातला. फ्रान्समधल्या दीजों शहराच्या पाणीपुरवठ्यासंबंधी लिहिताना त्यांनी वाळूच्या थरातून पाणी सोडण्याचे प्रयोग मांडले. पार्यतेचं एकक आजही ‘दार्सी’ आहे. तेलाच्या खडकांत मात्र बहुधा त्याचा हजारावा भाग, मिलिदार्सी, वापरावा लागतो.

मग खोल खडकाची पार्यता कळते कशी? विहिरीतून काढलेल्या खडकाचा दीड इंची तुकडा प्रयोगशाळेत तपासतात. हे प्रत्यक्ष खरं, पण केवढ्याशा जागेचं! दुसरं, विहिरीत उपकरणं सोडून खडकाची घनता, विद्युतरोध वगैरे मोजतात. त्यावरून सच्छिद्रता काढतात आणि सच्छिद्रतेवरून पार्यतेचा अंदाज बांधतात. तिसरं, वाहती विहीर बंद करून दाब कसा चढतो ते पाहतात. त्यातून मोठ्या परिसराची सरासरी मिळते, पण कोणता थर किती वाहतो, हे सरासरीत लपतं.

यातली दुसरी पायरी आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांच्या ओळखीची आहे. धूर दिसला की अग्नी आहे म्हणता येतं. पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच, असं नाही. त्याला ओलं इंधन लागतं. नैयायिक याला ‘उपाधी’ म्हणतात. सच्छिद्रतेवरून पार्यता काढताना छिद्रांची जोडणी ही अशीच उपाधी आहे. चुनखडीत तर ती फार दगा देते: मोठी पोकळी एकटीच बंद असते, आणि केसाएवढी भेग भरभरून वाहते.

चूक महागात पडते. तेल ढकलायला सोडलेलं पाणी एखाद्या अतिपार्य थरातून सरळ विहिरीत येतं. बाकीचं तेल जागच्या जागी राहतं. म्हणून तिन्ही साक्षी जुळेपर्यंत आपण आकड्याला ज्ञान म्हणू नये; तो अंदाजच म्हणावा.