निंदा, दंड आणि क्षमा

पोलंड हा देश आम्हां कॅथलिकांस परका नाही. संत पोप जॉन पॉल दुसरे ह्यांची ती जन्मभूमी. त्याच देशातील चेखानुव्ह नगरात १९८४ साली दोरोता राबचेव्स्का ह्यांचा जन्म झाला. वडील नामांकित वजन उचलणारे मल्ल. 'दोदा' ह्या नावाने ही गायिका आज पोलंडभर परिचित आहे.

लहानपणी त्या मैदानी शर्यतींत भाग घेत. पुढे वॉर्सा येथील 'मेट्रो' ह्या संगीत नाटकात त्यांनी काम केले. २००० साली 'व्हर्जिन' नावाच्या वाद्यवृंदात त्या गाऊ लागल्या आणि २००७ साली त्यांची पहिली स्वतंत्र गीतमाला निघाली. आवाज दमदार, परिश्रम अखंड. परंतु वेष आणि बोलणे असे की, सभ्य माणसाने भुवया उंचवाव्यात. लोकांस डिवचणे हाही त्यांच्या प्रसिद्धीचा एक भागच झाला.

२००९ साली एका मुलाखतीत त्या म्हणाल्या की, बायबलापेक्षा डायनोसॉरांवर आपला विश्वास अधिक आहे. बायबल लिहिणारे मद्याच्या व धूम्रपानाच्या नशेत असावेत. दोघा नागरिकांनी फिर्याद केली. पोलंडच्या दंडसंहितेचे १९६ वे कलम धार्मिक भावना दुखावणाऱ्यास शिक्षा सांगते. त्यानुसार २०१२ साली त्यांस ५,००० झ्लॉटी दंड झाला. त्या लढत राहिल्या. अखेर १५ सप्टेंबर २०२२ रोजी स्ट्रासबूर्ग येथील युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने निकाल दिला की, ह्या शिक्षेने त्यांच्या भाषणस्वातंत्र्याचा भंग झाला. पोलंडने त्यांस १०,००० युरो द्यावेत.

हे वाचून आमच्या मनात प्रथम संताप आला, हे आम्ही लपवीत नाही. पवित्र शास्त्र लिहिणाऱ्यांस मद्यपी म्हणावे आणि वर भरपाई मिळावी! आपल्या देशातही असा कायदा आहे; भारतीय दंडसंहितेचे जुने २९५-अ कलम २०२४ पासून न्यायसंहितेत २९९ वे झाले आहे. तथापि थोड्या विचारान्ती आम्हांस एक प्रसंग आठवला. आमच्या धर्मग्रामातील एका कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने विचारले होते, "फादर, उत्पत्तीच्या पुस्तकात डायनोसॉर का नाहीत?" तेव्हा आम्ही त्यास दटावले. तो पुन्हा काही विचारावयास आला नाही.

प्रश्न तोच होता. त्या बाईंनी तो उर्मटपणे मांडला, त्या मुलाने विनयाने. उत्तर मात्र कोणासच मिळाले नाही. वास्तविक पोप पायस बारावे ह्यांनी १९४३ सालीच आपल्या परिपत्रात शिकविले की, पवित्र शास्त्र वाचताना त्या त्या काळची लेखनपद्धती ध्यानात घ्यावी. उत्पत्तीचे पुस्तक प्राण्यांची यादी देण्यास लिहिलेले नाही. सृष्टी कोणाची आणि माणूस कोणाचा, हे ते सांगते. एवढे सांगावयास आम्हांस किती वेळ लागला असता?

आणखी एक गोष्ट. २०१० साली त्यांचे तेव्हाचे वाग्दत्त वर, गायक आदाम दार्स्की, रक्ताच्या कर्करोगाने आजारी पडले. ह्या गृहस्थांनी २००७ साली रंगमंचावर बायबल फाडले होते. अशा रुग्णांसाठी अस्थिमज्जेचे दान करण्यास नाव नोंदवा, असे आवाहन दोदांनी लोकांस केले. जिच्या जिभेवर निंदा, तिच्याच तोंडून परक्यांचे प्राण वाचविणारा शब्द निघाला. चांगल्या शोमरोन्याची कथा ऐकलेल्या आम्हांस ह्याचे नवल वाटू नये.

निंदा ती निंदाच. तिला आम्ही चांगले म्हणत नाही. आपल्या मुलामुलींनी तिचे अनुकरण करावे, असेही नाही. परंतु प्रभू येशूने क्रुसावरून आपली चेष्टा करणाऱ्यांसाठी दंड मागितला नाही, क्षमा मागितली. प्रिय मातापित्यांनो, उद्या तुमच्या घरी मुलाने अवघड प्रश्न विचारला, तर आमच्यासारखे दटावू नका. त्यास जवळ बसवा. उत्तर ठाऊक नसेल, तर त्यास घेऊन आमच्याकडे या. ह्या वेळी आम्ही ऐकून घेऊ.