प्रोसेसच्या वापरावरील मर्यादा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

संगणकावर चालणाऱ्या प्रत्येक प्रोसेसला प्रोसेसरचा वेळ, मेमरी आणि डिस्क लागते. शेगाव, मलकापूर, चिखली किंवा बुलढाणा येथील एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयात अख्खा वर्ग एकाच लिनक्स सर्व्हरवर लॉगिन करतो, तेव्हा हे सारे सर्वांत वाटून द्यावे लागते. त्यासाठीची साधने लिनक्समध्येच आहेत. मात्र प्रत्येकाचे काम निराळे असते, आणि बहुतेक गैरसमज त्यांची गल्लत केल्यामुळे होतात.

गैरसमज १: ‘नाइस’ वापरून प्राधान्य कमी केले की प्रोसेस कमी प्रोसेसर वापरते.

वस्तुस्थिती: नाइस मूल्य −२० ते १९ असते आणि ते फक्त रांगेतला हक्क ठरवते. प्रोसेसर मोकळा असेल, तर १९ मूल्याची प्रोसेसही तो पूर्ण वापरते. फरक पडतो तो स्पर्धा असताना. एकाच कोअरवर, एकाच गटात ० आणि १९ मूल्याच्या दोन प्रोसेस भिडल्या, तर त्यांचे भारांक अनुक्रमे १०२४ आणि १५ असतात. म्हणजे दुसरीच्या वाट्याला जेमतेम दीड टक्का वेळ येतो. सामान्य वापरकर्ता आपले प्राधान्य कमी करू शकतो. वाढवण्यासाठी विशेष परवानगी लागते.

गैरसमज २: ‘टॉप’मध्ये १०० टक्के दिसले की सर्व्हर भरला.

वस्तुस्थिती: चालू प्रोसेसचा वापर दाखवणाऱ्या टॉप या आज्ञेच्या नेहमीच्या मांडणीत १०० टक्के म्हणजे एक पूर्ण कोअर. आठ कोअरच्या यंत्रावर एखादी प्रोसेस ८०० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. शिवाय गणिती काम करणाऱ्या प्रोग्रॅमने मोकळा प्रोसेसर पूर्ण वापरणे हा बिघाड नव्हे.

गैरसमज ३: ‘यूलिमिट’ने मेमरी बांधली की त्या वापरकर्त्याचा एकूण वापर बांधला गेला.

वस्तुस्थिती: यूलिमिटच्या बहुतेक मर्यादा प्रत्येक प्रोसेसला स्वतंत्र लागू होतात, आणि तिच्यापासून जन्मलेल्या प्रोसेसना तशाच्या तशा मिळतात. १ जीबीची मर्यादा असलेल्या प्रोसेसने आणखी नऊ निर्माण केल्या, तर मिळून १० जीबीपर्यंत मजल जाते. प्रोसेसची संख्या मात्र वापरकर्त्यानुसार मोजली जाते. म्हणून स्वतःच्या प्रती काढत सुटणारा चुकीचा प्रोग्रॅम ही मर्यादा थोपवू शकते. पण संपूर्ण वर्गाला एकच सामाईक लॉगिन दिले असेल, तर एकाच्या चुकीने सर्वांचा कोटा संपतो.

एकूण वापर बांधण्यासाठी ‘सीग्रुप’ आहेत. गूगलमधील पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी २००६ मध्ये त्यावर काम सुरू केले. २००८ च्या जानेवारीत आलेल्या लिनक्स २.६.२४ मध्ये ती सोय दाखल झाली. सुधारित दुसरी आवृत्ती २०१६ मध्ये लिनक्स ४.५ सोबत अधिकृत झाली. यात प्रोसेसचा गट करून पूर्ण गटाला मर्यादा घालता येते.

गैरसमज ४: मर्यादा गाठली की प्रोग्रॅम फक्त मंदावतो.

वस्तुस्थिती: सीग्रुपने प्रोसेसरवर घातलेल्या मर्यादेबाबत हे खरे आहे. सीग्रुपला १,००,००० मायक्रोसेकंदांच्या प्रत्येक कालखंडात ५०,००० दिले, तर तो वाटा संपल्यावर गट पुढच्या कालखंडापर्यंत थांबतो आणि सरासरी अर्धा कोअर वापरतो. मेमरीचे तसे नाही. कमाल मर्यादेवर पोहोचल्यावर कर्नल आधी मेमरी मोकळी करण्याचा प्रयत्न करतो. ते न जमल्यास गटातील प्रोसेस मारतो. कंटेनर, म्हणजे सीग्रुपच्या आधारे इतरांपासून वेगळा चालवलेला प्रोग्रॅम, १३७ या कोडने बंद पडतो, त्यामागे अनेकदा हेच कारण असते.

गैरसमज ५: कंटेनरमध्ये ठेवलेला प्रोग्रॅम आपोआप मर्यादेत राहतो.

वस्तुस्थिती: कंटेनर चालवणाऱ्या डॉकर या साधनात मर्यादा सांगितली नाही, तर कंटेनर यजमान यंत्राची सारी मेमरी आणि प्रोसेसर वापरू शकतो. मर्यादा घातल्यानंतरही आतून ‘फ्री’ आज्ञा दिल्यास साधारणपणे पूर्ण यंत्राची मेमरी दिसते.

गैरसमज ६: यंत्र मोठे असेल, तर मर्यादांची गरज नाही.

वस्तुस्थिती: पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील ‘अर्क’ महासंगणकाची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स आहे. याच संस्थेने विकसित केलेली, २०२५ मध्ये सुरू झालेली भारत फोरकास्ट सिस्टम सुमारे ६ किलोमीटरच्या चौकटींवर हवामानाचा अंदाज काढते. बुलढाणा जिल्ह्याच्या ९,६६१ चौरस किलोमीटर क्षेत्रात १२ किलोमीटरच्या सुमारे ६७ चौकटी मावतात, तर ६ किलोमीटरच्या सुमारे २६८. चौकटींची बाजू निम्मी केली की त्यांची संख्या चौपट होते आणि गणनाही किमान त्या प्रमाणात वाढते. यंत्र वाढते तशी मागणीही वाढते. म्हणूनच महासंगणकांवर काम रांगेत लावताना किती कोअर, किती मेमरी आणि किती वेळ हवा हे आधी सांगावे लागते.

थोडक्यात, स्पर्धेत कोणाला मागे ठेवायचे असेल तर नाइस, एका प्रोसेसला आवरायचे असेल तर यूलिमिट आणि पूर्ण गटाला बांधायचे असेल तर सीग्रुप वापरावा. मर्यादेचा आकडा मात्र अंदाजाने ठरवू नये. आधी प्रत्यक्ष वापर मोजावा आणि मेमरीची मर्यादा त्या कमाल वापराहून थोडी वर ठेवावी.