मिसर देशाच्या जुन्या नोटा व त्यांची पारख

आमच्या वाचकांपैकीं बहुतेक पोथ्या व दप्तरें जमविणारे आहेत. त्यांस नोटांचा विषय परका वाटेल. परंतु कागद तो कागदच, आणि त्याची नासधूस कसर व वाळवी यांच्या खालोखाल संग्राहकच करतो, असा आमचा अनुभव आहे.

इजिप्त ऊर्फ मिसर देशांत नॅशनल बँक ऑफ इजिप्त ही पेढी सन १८९८ त स्थापन होऊन नोटा काढण्याचा अधिकार तिला एकटीस मिळाला. तिच्या पहिल्या नोटांवर ५ जानेवारी १८९९ ही तारीख आहे. पौंडाचे पियास्टर १००. सर्वांत लहान नोट ५० पियास्टरांची, सर्वांत मोठी १०० पौंडांची. त्यांतील एक पौंडाच्या नोटेवर दोन उंट आहेत. नोट दाखवून सोनें घेण्याची सोय २ ऑगस्ट १९१४ च्या हुकुमानें थांबली व नोट हेंच कायदेशीर चलन ठरलें. सन १९६१ पासून नोटा काढण्याचें काम तेथील मध्यवर्ती बँकेकडे आहे.

ह्या नोटांचा कालनिर्णय तारखेवरून व बँकेच्या गव्हर्नराच्या सहीवरून करतात. सन १९३० पासून निघालेली, तुतनखामेन राजाचा मुखवटा असलेली एक पौंडाची नोट घ्या. चित्र तेंच, पण सही हॉर्नस्बी, कुक, निक्सन किंवा लीथ-रॉस यांपैकीं कोणाची आहे तें पाहावें लागतें. लेखकाच्या हातावरून पोथीचा काळ ठरविणारांस ही रीत नवी नाहीं.

निक्सनच्या सहीची अशी एक नोट एका लष्करी पेशाच्या घराण्यांतील पेटींतून आम्हांस मिळाली. दुसऱ्या महायुद्धांत हिंदी पलटणी मिसरांत होत्या, हें प्रसिद्धच आहे. नोटेला चार घड्या होत्या, एक कोपरा गोल झालेला, मध्यें तेलकट डाग. ती 'सुधारावी' अशी दुर्बुद्धि आम्हांस झाली. ओल्या टीपकागदांत ठेवून वरून इस्त्री फिरविली. घड्या दिसेनाशा झाल्या, नोट कोरी भासूं लागली, आणि आम्ही संतुष्ट झालों! पुढें एका जाणत्या संग्राहकानें ती हातांत घेतली, दिव्यापाशीं तिरपी धरली व न बोलतां परत दिली.

तिरप्या उजेडांत काय दिसतें तें सांगतों. कोरीव ठशानें छापलेल्या नोटेंत शाई कागदावर किंचित् उचललेली असते; बोटाला ती जाणवते. इस्त्रीनें हा उठाव दबतो. घडीच्या रेषेवर तुटलेले तंतू मात्र सांधत नाहींत; नोट उजेडाच्या आड धरली कीं ती रेषा पुन्हा दिसते. धुतलेल्या नोटेची खळ जाऊन ती मऊ पडते, रंग फिके होतात, करकर नाहींशी होते. झिजलेल्या कडा कातरून सरळ केल्या असल्यास चारही बाजूंचा समास मोजून चोरी उघडकीस येते. टाचणीचीं छिद्रें, चिकटपट्टीचे पिवळे डाग, मागून लावलेलें ठिगळ हींही उजेडांतच शोधावीं. हल्लीं परीक्षक सत्तर गुणांची श्रेणी देतात. कोऱ्या नोटेचे गुण साठांपासून पुढें. परंतु एक घडी असलेली प्रामाणिक नोट दाबून गुळगुळीत केलेल्या नोटेपेक्षां अधिक मोलाची, असें आम्ही मानतों. पोथींतील पुसट अक्षरें नव्या शाईनें गिरविणाऱ्यास आपण काय म्हणतों, तें सांगणें नको.

आमच्या नोटेच्या त्या चार घड्या एखाद्या शिपायाच्या खिशांत पडल्या असतील, किंवा नंतर घरीं. तें ठरविण्याजोगी खूण आतां उरली नाहीं.

नोटा ठेवण्यास पॉलिएस्टरचीं पाकिटें घ्यावीं, मऊ पी.व्ही.सी.चीं घेऊं नयेत, त्यांतून सुटणारीं द्रव्यें कागदास व शाईस बाधतात. पाकिटावर लिहिणें तें नोट आंत घालण्यापूर्वीं लिहावें.