सेन्सर लावून पोहता येतं का? हा प्रश्न संशोधकानेच आधी विचारायला हवा

गेल्या उन्हाळ्यात आष्टीला घरी गेलो, तेव्हा बाबांच्या दंडावर डॉक्टरांनी १४ दिवसांसाठी लावलेला ग्लुकोज सेन्सर नुकताच निघाला होता. फ्रीस्टाइल लिब्रे प्रो. यात रुग्णाला आकडे दिसत नाहीत. सेन्सर दर १५ मिनिटांनी एक नोंद साठवतो आणि डॉक्टर ती नंतर रीडरने वाचून घेतात. दिवसाला ९६ नोंदी, १४ दिवसांत १,३४४. बाबांच्या आलेखात कुठेच खंड नव्हता. पीएचडी करणाऱ्या मुलाला आणखी काय हवं!

तेवढ्यात आई म्हणाली, "यायनं पंधरा दिवस विहिरीत पाय नाही टाकला."

बाबा रोज सकाळी संत्र्याच्या बागेतल्या विहिरीत अर्धा तास पोहतात. विचारलं, तर म्हणाले, "एवढं महागाचं यंत्र हाय, पाण्यानं खराब झालं तर? मी त आंघोळबी हात वर धरूनच केली."

मी गप्प. व्यायामाने साखर उतरते आणि इथे तर रोजचा व्यायामच बंद होता. मग आम्ही मोजलं ते कोणाचं आयुष्य?

पाण्याने नेमकं काय होतं?

सेन्सरची साधारण ५ मिलिमीटरची बारीक तार कातडीखाली असते आणि पेशींच्या मधल्या द्रवातलं ग्लुकोज मोजते. वरची चकती बंदिस्त असते. कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे हा सेन्सर १ मीटर खोलीपर्यंत, ३० मिनिटं पाण्यात चालतो. डेक्सकॉम जी६ साठी हीच मर्यादा २.४ मीटर आणि २४ तास आहे. म्हणजे 'वॉटरप्रूफ आहे का?' असं विचारू नका. किती खोल आणि किती वेळ, ते विचारा.

बादली-तांब्याच्या आंघोळीत सेन्सर बुडतच नाही. तिथे धोका असतो तो घासणीचा, टॉवेलच्या ओढीचा आणि तेलाचा. दिवाळीच्या अभ्यंगस्नानात दंडाला तेल चोळलं, की चिकटपट्टी सुटू लागते. विहिरीत पायऱ्यांनी उतरून वरच्यावर पोहलं, तर दंड फार खोल जात नाही. पण काठावरून सूर मारला, की १ मीटरची मर्यादा क्षणात ओलांडली जाते.

फोनशी जोडलेले सेन्सर असतील, तर आणखी एक गोष्ट. ब्लूटूथच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात, त्यामुळे पोहताना फोनवर आकडा येत नाही. सेन्सर मात्र आत नोंद ठेवत राहतो आणि बाहेर आल्यावर ती फोनवर येते. शिवाय साखर झपाट्याने उतरत असेल, तर सेन्सर काही मिनिटं मागे असतो. म्हणून इन्सुलिन घेणाऱ्याने पाण्यात उतरण्यापूर्वीच साखर तपासावी, एकट्याने पोहू नये आणि काठावर साखर किंवा ग्लुकोज ठेवावं.

आता आपल्या कामाचं

२०१९ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार १४ दिवसांपैकी किमान ७० टक्के वेळेच्या नोंदी असाव्यात. बाबांच्या तर १०० टक्के होत्या. समजा त्यांनी सेन्सर काढून ठेवून पोहता आलं असतं आणि रोजचा अर्धा तास गेला असता, तरी ९६ पैकी दोनच नोंदी कमी झाल्या असत्या. ती उणीव आलेखात दिसली असती. न पोहलेले १४ दिवस मात्र कोणत्याही आलेखात दिसत नाहीत. डेटा पूर्ण असणं आणि डेटा खरा असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माझ्या माहितीपत्रकात आधी एकच ओळ होती: 'सेन्सर पाण्यात चालतो.' आता तिथे आंघोळ, तेल, विहीर, सूर हे सगळं साध्या मराठीत लिहिलंय. आणि सेन्सर लावल्यावर तिसऱ्या दिवशी फोन करून मी एकच प्रश्न विचारतो: "हे लावल्यापासून तुम्ही काय करणं थांबवलंत?"

तुमच्या अभ्यासात घड्याळ असो, रक्तदाबाचं यंत्र असो की नुसती प्रश्नावली, हा प्रश्न विचारून बघा. उत्तर बहुतेक वेळा आलेखाच्या बाहेर सापडतं.