नऊ वर्षं उकळलेलं पाणी

सस्काटूनला पहिल्यांदा आलेल्या आई-बाबांचा स्वयंपाकघरातला एक प्रश्न ठरलेला असतो, "इथे आरओ नाही बसवला?" नाही, गरज पडत नाही. शहराला साउथ सस्कॅचेवान नदीचं, म्हणजे मुळात रॉकी पर्वतातल्या बर्फाचं पाणी येतं. ते शुद्ध होऊन नळाला येतं आणि आम्ही तसंच पितो. पण याच प्रांतात पाण्याने माणसांना किती छळलंय, हे आपल्यापैकी अनेकांच्या कानावर आलेलं नसतं.

2001च्या वसंतात नॉर्थ बॅटलफर्डमध्ये क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी थेट नळातून घरोघरी पोहोचला. आजारी पडलेल्यांचा अंदाज 5,800 ते 7,100. क्लोरीनला हा जीव दाद देत नाही. पण आकाराने चार ते सहा मायक्रॉन, म्हणजे गाळणीच्या हिशेबात चांगला धष्टपुष्ट. तिथे गाळणंच बिघडलं होतं.

त्याहून मोठी गोष्ट यलो क्विल या मूळनिवासींच्या वस्तीची. सस्काटूनहून पूर्वेला, गाडीने अडीच-तीन तासांवर. तिथे 1995 ते 2004 पाणी उकळूनच प्या, असा इशारा होता. नऊ वर्षं! श्रीमंत कॅनडात! ओढ्याचं पाणी सोडून जमिनीखालच्या पाण्याकडे वळावं, तर त्यात लोह, मँगेनीज, अमोनिया, आर्सेनिक आणि भरपूर सेंद्रिय द्रव्य.

मग आरओ लावा की, असं आपण पटकन म्हणू. आरओची मेम्ब्रेन खरोखर नवलाची आहे. 1960च्या सुमारास कॅलिफोर्नियात लोएब यांच्यासोबत ती व्यवहारात आणणारे श्रीनिवास सौरिराजन आपल्याकडचेच. पुढे ते ओटावाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत रमले. आजच्या मेम्ब्रेनचा खरा काम करणारा थर जेमतेम शे-दोनशे नॅनोमीटरचा, केसाच्या जाडीचा काही सहस्रांश भाग. पण असलं पाणी थेट दिलं की त्यावर जिवाणूंची बुळबुळीत साय धरते आणि ती तुंबते. क्लोरीनने साय मारायला जावं, तर क्लोरीन त्या थरालाच खातं.

सस्काटूनचे शास्त्रज्ञ हान्स पीटरसन आणि सहकाऱ्यांनी तिथेच ठाण मांडून प्रयोग केले आणि उपाय काढला तोही जिवाणूंचाच. आधी पाणी जिवाणूंनी भरलेल्या गाळणांतून सोडायचं. ते लोह पकडतात, त्याला चिकटून आर्सेनिक अडकतं, अमोनिया फस्त होतो. मेम्ब्रेनपाशी पोहोचेपर्यंत पाण्यात साय धरायला फारसं खाद्यच उरत नाही. उरलेले क्षार आरओ काढतं. 2004मध्ये इशारा उठला.

आता ग्राफीन ऑक्साइड, झिओलाइट, चांदीचे नॅनोकण घातलेल्या मेम्ब्रेनवर जगभर काम चाललंय. त्यातली बरीच खटपट याच सायीशी आहे. मला वाटतं, प्रयोगशाळेतल्या स्वच्छ पाण्यावर काढलेल्या आकड्यांपेक्षा यलो क्विलच्या पाण्यात मेम्ब्रेन किती महिने टिकते, हे विचारायला हवं.

आणि हो, पुण्या-नागपूरच्या घरी आरओ असेल तर एक बघा. मेम्ब्रेनच्या आधी गाळाचा आणि कार्बनचा असे दोन फिल्टर असतात. कार्बनवालाच नळाच्या पाण्यातलं क्लोरीन धरून ठेवतो. सर्व्हिसवाला "मेम्ब्रेन बदलावी लागेल" म्हणाला, तर आधी हे दोन शेवटचे कधी बदलले, ते त्याला विचारा.