आईवडिलांसाठी निवास निवडताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुलगा पुण्यात, मुलगी रायपूरला आणि आमगाव-सालेकशाकडच्या घरात ऐंशीला टेकलेली आई एकटी. गोंदिया जिल्ह्यात अशी घरं आता गावोगाव दिसतात. तिची सोय शोधायला निघालं, की ऐकीव माहितीच जास्त हाती लागते.

‘वृद्धाश्रम कुठलाही चालेल’ ही त्यातली पहिली. अनेक वृद्धाश्रम स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांनाच घेतात. आंघोळ, कपडे, गोळ्या यांत रोज मदत लागत असेल, तर मदतनीस असलेला निवास हवा. अंथरुणाला खिळलेल्यांना परिचारिकाच हवी. ‘उद्या आई उठूच शकली नाही, तर ठेवाल का?’ हे पहिल्याच भेटीत विचारा आणि उत्तर करारात लिहून घ्या. अनामत रक्कम परत कधी मिळणार, डायपर आणि रात्रीच्या मदतनिसाचे पैसे वेगळे का, हेही त्याच कागदावर यायला हवं.

‘इमारत चकाचक, म्हणजे व्यवस्था चांगली’ हा समज मला सर्वांत घातक वाटतो. परवानगी घेऊन रात्रीच्या जेवणानंतर जा. पलंगापासून संडासापर्यंतची वाट स्वतः चालून बघा. उंबरठा आहे का, फरशी ओली राहते का, भिंतीला धरायला दांडी आहे का, रात्रभर दिवा असतो का? खुब्याचं हाड मोडायला त्या वाटेवरचा एक उंबरठा पुरतो. पलंगाजवळची बेल दाबा; कोण येतं आणि किती वेळाने, ते बघा. रात्रीच्या गोळ्या कोण देतं ते विचारा आणि नोंदीची वही मागा. वही नसेल, तर तिथून निघा.

मोठ्या शहरातलंच चांगलं, असंही नाही. दोन्ही वेळा भात खाणाऱ्या, पोवारी किंवा झाडीबोली बोलणाऱ्या बाईला पुण्यातलं संकुल परकं वाटू शकतं. नागपूर रेल्वेने दोन-अडीच तासांवर आहे. नातलग तिथे महिन्यातून दोनदा सहज जातील.

‘आयुष्मान कार्डातून खर्च निघेल’, हेही चूक. 70 वर्षं आणि त्यावरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, ते कार्ड मिळतं. पण कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंतचं हे संरक्षण रुग्णालयात भरती होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. निवासाचं मासिक शुल्क त्यात बसत नाही.

‘शेत मुलाच्या नावावर केलं, आता काही करता येत नाही’, असं म्हणत कित्येक म्हातारे गप्प बसतात. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 नुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेल्या मालमत्तेचं हस्तांतरण, अट मोडल्यास, न्यायाधिकरण रद्द ठरवू शकतं. म्हणून ती अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहा. पोटगीचा अर्जही उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील याच न्यायाधिकरणाकडे करता येतो. सांभाळायची जबाबदारी असताना ज्येष्ठाला कायमचं सोडून देणं हा तर गुन्हाच आहे : तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

मार्गदर्शनासाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे : 14567, सकाळी 8 ते रात्री 8, विनामूल्य. आणि पैसे भरण्याआधी आईला निवडलेल्या निवासात आठवडाभर राहू द्या. राहायचं की नाही, ते तिला ठरवू द्या.